स्वस्त स्पोर्ट्स मोटारीचें कुळ

मोटारींच्या धंद्यांत एक प्रश्न अलीकडे पुनः पुनः विचारला जातो. जिच्यांत दोनच माणसें बसतात, जिचें वजन थोडें असतें, जी बेताच्या प्राप्तीच्या मनुष्यास घेतां येते आणि जी कोठें पोंचण्यासाठीं नव्हे तर चालविण्याच्या आनंदासाठींच बाहेर काढावीशी वाटते, अशी स्पोर्ट्स मोटार कारखानदारांनीं पुनः काढावी कीं काढूं नये? शौकीन लोक म्हणतात, अवश्य काढावी. हिशेबनीस म्हणतात, तिला गिऱ्हाईक नाहीं. दोन्ही पक्ष आपापल्या आवडीनिवडीवरून बोलतात. ही गाडी मुळांत जन्मास कशी आली आणि कशामुळें नाहींशी झाली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती केली असतां असें दिसून येतें कीं, स्वस्त स्पोर्ट्स मोटार कधींच स्वतंत्र घराण्यांत जन्मलेली नाहीं. ती नेहमीं साध्या संसारी मोटारीच्या पोटीं आली, तिच्याच दाण्यापाण्यावर वाढली, आणि हें नातें जेव्हां जेव्हां तुटलें तेव्हां तेव्हां ती एक तर महाग झाली किंवा मेली.

हा इतिहास इंग्लंडांतील ऑक्सफर्ड शहरीं सुरू होतो. तेथें विल्यम मॉरिस या कारखानदाराचें 'मॉरिस गॅरेजेस' नांवाचें विक्रीचें व दुरुस्तीचें दुकान होतें. १९२२ सालीं त्याची व्यवस्था सेसिल किंबर नांवाच्या गृहस्थाकडे आली. मॉरिसच्या गाड्या भरंवशाच्या, परंतु दिसण्यांत व चालण्यांत अगदीं सोज्ज्वळ असत. किंबरनें त्यांच्याच चासीवर हलके व देखणे सांगाडे चढवून त्या विकण्यास आरंभ केला, आणि दुकानाच्या आद्याक्षरांवरून त्यांस 'एम्. जी.' हें नांव पडलें.

पण खरा चमत्कार घडला तो १९२८ सालीं. लहान मोटारीचा बाजार तेव्हां ऑस्टिनच्या 'सेव्हन' गाडीनें व्यापला होता. तिला उत्तर म्हणून मॉरिसनें 'मायनर' ही गाडी काढली. तिचें एंजिन अवघें ८४७ सी. सी. चें; परंतु तें वूल्झ्ली कंपनीच्या आराखड्याचें होतें. झडपा उघडणारा दांडा त्याच्या माथ्यावरच बसविलेला असल्यामुळें आकाराच्या मानानें तें चलाख होतें. किंबरनें हें एंजिन व ही चासी उचलली, बैठक खालीं आणली आणि प्लायवुड व कापड यांचा, मागें नावेसारखा निमुळता होत जाणारा सांगाडा वर बसविला. हीच एम्. जी. 'मिजेट' होय. त्या वर्षींच्या ऑलिंपिया प्रदर्शनांत ती लोकांनीं पाहिली व पुढच्या वर्षापासून ती विकली जाऊं लागली. किंमत १७५ पौंड. साधी मायनर तेव्हां १२५ पौंडांपासून मिळे. म्हणजे पन्नास पौंड अधिक टाकले कीं कारकुनाच्या गाडीची शर्यतीची गाडी होई.

तिची शक्ति होती वीस हॉर्सपॉवर. आज आपल्याकडे रस्तोरस्तीं दिसणाऱ्या ३५० सी. सी. च्या बुलेट फटफटीचीहि साधारण तेवढीच असते. मग तींत आनंद तो कशाचा? तर चालविणारा जवळजवळ रस्त्याला टेंकून बसलेला, चाकें अरुंद, वजन नांवाला, आणि स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांना रस्त्यावरचा खडान्‌खडा कळणारा. ताशीं चाळीस मैलांच्या वेगांत वळण घेतांना तिच्या अंगची सगळी करामत पणास लागे. मोठ्या शक्तीच्या गाडींत ती करामत पाहण्यासाठीं कायदा मोडावा लागतो व बहुधा जीवहि धोक्यांत घालावा लागतो. लहान गाडी मनुष्याला त्याचें कौशल्य त्याच्या ऐपतीच्या वेगांत दाखवूं देते. १९३० सालीं ब्रुकलंड्सच्या मैदानावर दोन दिवस बारा बारा तास चाललेल्या शर्यतींत संघाचें बक्षीस याच मिजेट गाड्यांनीं मिळविलें, तेव्हां ही केवळ तरुणांची चैन नव्हे हें शहाण्यासुरत्या लोकांसहि पटलें.

१९२९ सालीं हें काम ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गांवीं, चामडें कमावण्याच्या एका कारखान्याच्या रिकाम्या इमारतींत हलविण्यांत आलें. पुढें पन्नास वर्षें तें तेथेंच चाललें. त्या कारखान्यांत मोठमोठ्या कारखान्यांतला फिरता पट्टा कधींच आला नाहीं. गाडी एका टोळीकडून दुसरीकडे हातांनीं ढकलीत नेत. एंजिनें व इतर बहुतेक भाग बाहेरून तयार होऊन येत. खर्च थोडा, माणसें मुरलेलीं, आणि अवजड यंत्रांत गुंतलेलें भांडवल जवळजवळ नाहींच. ही व्यवस्था पुढील गोष्टी समजण्यासाठीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. किंबरला मात्र १९४१ सालीं कंपनी सोडावी लागली आणि १९४५ च्या फेब्रुवारींत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनांत झालेल्या आगगाडीच्या अपघातांत त्याचा अंत झाला. आपल्या गाडीचा खरा भाग्योदय त्यास पाहतां आला नाहीं.

तो भाग्योदय झाला अमेरिकेंत. युद्धानंतर इंग्लंड कर्जांत बुडालेलें होतें. जो कारखाना माल परदेशीं धाडील त्यालाच पोलाद मिळे. ॲबिंग्डनकडे धाडण्याजोगी एकच गाडी होती, टी. सी. तिची चाकें सायकलीसारखीं उंच व तारांचीं, सांगाड्याच्या आंत लांकडाची चौकट, आणि स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे अमेरिकेच्या रस्त्यांवर उलट्या बाजूस. एंजिन अर्थात् मॉरिसच्या 'टेन' या घरगुती गाडीच्या घराण्यांतलें. युद्धकाळांत इंग्लंडांत राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनीं या गाड्या मायदेशीं नेल्या अशी आख्यायिका आहे. तींत तथ्य आहे, पण बहुतेक गाड्या रीतसर निर्यात होऊनच गेल्या. १९४५ ते १९४९ या काळांत झालेल्या सुमारें १०,००० टी. सी. पैकीं अवघ्या २,००० च्या आसपास अमेरिकेंत पोंचल्या; तरी तेवढ्यांनीं तेथें एक नवें वेड लावून दिलें. १९४८ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील वॉटकिन्स ग्लेन गांवच्या रस्त्यांवर युद्धोत्तर काळांतली प्रसिद्ध मोटार-शर्यत भरली. ती भरविणारा कॅमेरॉन आर्गेटसिंगर स्वतः टी. सी. घेऊनच तींत उतरला होता. नंतरच्या टी. डी. गाडीच्या जवळजवळ ३०,००० प्रती निघाल्या, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेनें घेतल्या.

ही युक्ति मग इतरांनींहि उचलली. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड कंपनीनें १९५३ सालीं ट्रायम्फ टी. आर. २ काढली. तिचें एंजिन 'व्हॅनगार्ड' या संसारी गाडीचें. आणि त्याच घराण्याचें एंजिन बसविलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरनें शेतकरी नांगरट करीत. नांगरटीच्या एंजिनाचा हा भाऊ खास सजविलेल्या गाडींतून बेल्जममधील जबेकेच्या रस्त्यावर ताशीं १२० मैलांच्याहि पुढें धांवला. १९५८ ची ऑस्टिन-हीली 'स्प्राइट' म्हणजे तर काटकसरीचें प्रदर्शनच. एंजिन व पुढचीं चाकें धरणारे भाग ऑस्टिन ए ३५ चे, स्टिअरिंग मॉरिस मायनरचें. दाराला बाहेरून मूठ नाहीं; सामान ठेवावयाचें तर मागें झांकण नाहीं, बैठक पुढें वांकवून आंत हात घालावा. दिवे मिटणारे करण्याचा मूळ बेत होता. तो खर्चामुळें सोडून दिला, म्हणून ते बॉनेटवर उभेच राहिले आणि इंग्रजांनीं तिला 'बेडूकडोळी' म्हटलें. कर धरून तिची किंमत सातशें पौंडांच्या आंत होती. अशा जवळजवळ ४९,००० गाड्या ॲबिंग्डनहून बाहेर पडल्या, आणि आज त्या डोळ्यांसाठींच लोक ती जुनी गाडी शोधीत फिरतात.

येथें एक गोष्ट मराठी श्रोत्यांस विशेष वाटेल. मद्रासेस तयार होणारी स्टँडर्ड 'हेरल्ड' गाडी ज्यांना आठवते, जिचें सबंध बॉनेट पुढच्या बाजूस उलटें उघडे, त्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं तिच्याच मूळ इंग्रजी भावंडाची चासी आंखूड करून १९६२ सालीं ट्रायम्फ 'स्पिटफायर' ही स्पोर्ट्स मोटार झाली. १९५५ च्या एम्. जी. ए. गाडीचें १,४८९ सी. सी. चें एंजिन ज्या घराण्याचें, त्याच घराण्याचें व तेवढ्याच मापाचें एंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्यें वर्षानुवर्षें धडधडत राहिलें. आणि मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत जी फियाट ११०० बनत असे, पुढें जिला पद्मिनी म्हणूं लागले व जिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ सालीं गेली, तिच्या पूर्वजापासून इटलींत १९५५ सालीं एक दोन-आसनी उघडी गाडी झालेली होती. म्हणजे स्पोर्ट्स मोटारीचें सारें साहित्य आपल्या दारापुढून, तेंहि बव्हंशीं टॅक्सीच्या रूपानें, दररोज जात होतें. तरी त्या काळांत या तिन्ही कारखान्यांपैकीं एकानेंहि तशी गाडी बाजारांत मांडली नाहीं. त्यांस दोष तरी काय द्यावा? किती गाड्या करावयाच्या हें सरकारी परवान्यानें ठरे, आणि साध्या गाडीसाठींच गिऱ्हाईक नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहत बसलेलें असे. ज्याच्या दुकानीं रांग लागली आहे तो वाणी नवा माल कशाला आणील? साहित्य घरांत असलें म्हणजे स्वयंपाक होतोच असें नाहीं.

इकडे इंग्लंडांत १९६२ सालीं एम्. जी. बी. आली. १,७९८ सी. सी., ९५ हॉर्सपॉवर, वजन एक टनाहून कमी. या एका गाडीच्या अठरा वर्षांत पांच लाखांहून अधिक प्रती निघाल्या. स्वस्त स्पोर्ट्स मोटारीला गिऱ्हाईक नसतें असें म्हणणारांनीं हा आंकडा एकदां नजरेखालून घालावा. मग इतकें चांगलें दुकान बसलें कसें?

पहिलें कारण घरांतलेंच होतें. १९६८ सालीं ब्रिटिश लेलँड या प्रचंड कंपनींत एम्. जी. व ट्रायम्फ हे जन्माचे प्रतिस्पर्धी एका छपराखालीं आले. नव्या गाडीसाठीं पैसा एकालाच मिळणार होता. तो ट्रायम्फला मिळाला. त्यांतून १९७५ सालीं टी. आर. ७ निघाली. अमेरिका उघड्या गाड्यांवर बंदी घालील या धास्तीनें तिला पक्कें छत देण्यांत आलें होतें; ती बंदी कधीं आलीच नाहीं. ज्या गाडीचें सारें आकर्षण डोक्यावरच्या आकाशांत, तिला आधीं छपरांत कोंडावयाचें आणि मग ती खपत नाहीं म्हणून तक्रार करावयाची, यास काय म्हणावें! एम्. जी. बी. ला मात्र अखेरपर्यंत वारस दिला गेला नाहीं. अमेरिकेच्या सुरक्षिततेच्या व धुराच्या कायद्यांनीं ती वर्षावर्षानें जडावत व मंदावत गेली. १९७४ च्या अखेरीस तिला रबराचे जाड काळे बंपर बसविले, आणि दिवे व बंपर ठराविक उंचीवर यावेत म्हणून सगळी गाडीच इंचभर वर उचलली. अमेरिकेस जाणाऱ्या गाडीची शक्ति सत्तर हॉर्सपॉवरच्याहि खालीं आली. कायदे वाईट होते असें नव्हे. त्यांनीं पुष्कळांचे प्राण वांचविले. पण नव्या आराखड्यांत जें सहज बसलें असतें तें जुन्या आराखड्यावर ठिगळासारखें लागलें.

दुसरें कारण याहून खोल आहे व त्याकडे लक्ष थोडें जातें. स्पोर्ट्स मोटारीची आईच बदलली होती. १९५९ च्या 'मिनी'पासून लहान संसारी गाडीचें एंजिन आडवें बसूं लागलें व तें पुढचीं चाकें फिरवूं लागलें. घरच्या माणसांस त्यांत जागा अधिक मिळाली. पण मागच्या चाकांनीं ढकलली जाणारी जुन्या पद्धतीची दोन-आसनी गाडी या भागांतून जुळवितां येईना. इटलींत फियाटनें १९७२ सालीं यावर तोड काढली. १२८ या घरगुती गाडीचें पुढचें सर्व बिऱ्हाड उचलून तिनें तें चालकाच्या पाठीमागें नेऊन ठेवलें, आणि 'एक्स १/९' ही सुबक गाडी तयार झाली. टोयोटानें हीच युक्ति १९८४ सालीं एम्. आर. २ मध्यें वापरली. ब्रिटिश लेलँडला तें सुचलें नसेल असें नाहीं. पण सुचलेलें करण्याइतका पैसा व धीर उरला नव्हता. शिवाय १९७६ पासून फोक्सवॅगनच्या गोल्फ जी. टी. आय. नें एक वेगळीच वाट पाडली. चार माणसें, सामान, छत, सर्व कांहीं असून चलाखीहि भरपूर. मग बायकोमुलांच्या माणसानें दुसरी गाडी कशाला बाळगावी?

१९७९ च्या सप्टेंबरांत ॲबिंग्डननें आपल्या कारखान्याचा पन्नासावा वाढदिवस थाटानें साजरा केला. त्यास लागूनच सोमवारीं, १० तारखेस, कारखान्याचें काम गुंडाळण्याचा निर्णय जाहीर झाला. पौंडाचा भाव चढल्यामुळें अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागें तोटा येतो, असें कंपनीचें म्हणणें होतें. आणि पौंड त्या काळीं खरोखरच चढला होता, हें मान्य केलें पाहिजे. गाड्यांच्या मालकांनीं लंडनमध्यें मोर्चा नेला; एका मंडळानें कारखाना विकत घेण्याची बोलणीं केलीं, तीं फिसकटलीं. १९८० च्या ऑक्टोबरांत शेवटची एम्. जी. बी. कामगारांनीं हातांनीं ढकलीत बाहेर आणली. ज्या कारखान्यांत संप क्वचित् होत आणि काम चोख होई, तोच आधीं बंद पडला, ही गोष्ट त्या गांवाच्या मनांतून अजून गेलेली नाहीं.

यानंतर नऊ वर्षांनीं जें झालें तें या प्रश्नावरचा सर्वांत मोठा पुरावा होय. जपानांत हिरोशिमा येथें माझ्दा कंपनी आहे. बॉब हॉल नांवाच्या एका अमेरिकन मोटार-पत्रकारानें १९७९ सालीं तिच्या केनिची यामामोटो या अधिकाऱ्यास सुचविलें होतें कीं, इंग्रजांनीं सोडून दिलेली साधी, हलकी, उघडी गाडी तुम्हीं करा. पुढें हॉल त्याच कंपनीच्या नोकरींत शिरला, यामामोटो कंपनीचा प्रमुख झाला, आणि १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत एम्. एक्स. ५ उभी राहिली. तिचें १.६ लिटरचें एंजिन माझ्दाच्या ३२३ या घरगुती गाडीचेंच, फक्त उभें फिरविलेलें. वजन एक टनाच्या आंत, किंमत १४,००० डॉलरांच्या आंत. तळाचा सांगाडा मात्र स्वतंत्र होता. तेवढ्यापुरता तिच्या आईबापांनीं ऐपतीबाहेर खर्च केला असें म्हणावें लागतें. घोडा व स्वार एकजीव व्हावे, असें तिच्या कारागिरांचें जपानी ब्रीद होतें, आणि जुन्या इंग्रजी गाडींतला एकच गुण त्यांनीं कटाक्षानें टाळला. तो म्हणजे ठिकठिकाणीं तेल गळणें. २०१६ सालीं दहा लाखावी एम्. एक्स. ५ कारखान्यांतून निघाली. गिऱ्हाईक मेलें नव्हतें; दुकान बंद होतें.

तिच्या यशावर इतरांची झुंबड उडाली, पण तो तपशील लांबविण्यांत अर्थ नाहीं. १९९५ च्या एम्. जी. एफ. ची कंपनी २००५ सालीं बुडाली. अमेरिकेंतील पाँटिॲक सॉल्स्टिस २००९ च्या मंदींत गेली. बी. एम्. डब्ल्यू. व पोर्शे यांच्या गाड्या टिकल्या, कारण त्या स्वस्त राहण्याच्या फंदांत पडल्या नाहींत. ज्यांनीं स्वस्ताई राखली त्यांनीं ती एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवूनच राखली. टोयोटा व सुबारू यांनीं २०१२ सालीं एकच गाडी दोन नांवांनीं काढली. फियाटची २०१६ ची '१२४ स्पायडर' माझ्दाच्या हिरोशिमाच्या कारखान्यांतच तयार होई.

तेव्हां कारखानदारांनीं ही गाडी पुनः काढावी काय? काढावी, पण ज्याच्या घरीं तिला पोसणारी लहान, हलकी संसारी गाडी आहे त्यानेंच, आणि शक्य तर शेजाऱ्याशीं भागी करून. अडचण अशी कीं, आज संसारी गाडीच उंच, रुंद व अवजड झाली आहे. तिच्या भागांतून मिजेट निघणें कठीण. विजेच्या गाडीचें ओझें तर तिच्या बॅटरींतच असतें. जपानांत लहान गाडीला कराची सवलत देणारा कायदा आहे. त्या कायद्याच्या आश्रयानें १९९१ सालीं ६६० सी. सी. च्या आंतल्या होंडा 'बीट' व सुझुकी 'कॅपुचिनो' अशा चिमुकल्या स्पोर्ट्स मोटारी जन्मास आल्या. ज्या देशास असें वाहन हवें असेल त्यानें आधीं लहान गाडी जगेल अशी तजवीज करावी, स्पोर्ट्स मोटार मागून येईल. भारतासहि हें लागू आहे, कारण लांबी चार मीटरच्या आंत ठेवणारास करांत सवलत देण्याची पद्धत येथेंहि रुळली आहे.

नफ्याविषयीं म्हणावयाचें तर हिशेबनिसांच्या वहींत एक रक्कम १९८० सालीं मांडावयाची राहून गेली होती. एम्. जी. हें नांव पुढें चिनी कंपनीनें घेतलें, आणि २०१९ पासून गुजराथेंत हालोल येथें बनणाऱ्या गाड्यांवर तें आपल्याकडेहि दिसूं लागलें. त्या बहुतेक उंच, कुटुंबवत्सल गाड्या आहेत. ज्या नांवासाठीं पैसे मोजले गेले, त्या नांवाला पत मिळवून दिली ती ॲबिंग्डनच्या दोन-आसनी गाड्यांनीं. एकेका गाडीमागचा तोटा मोजणाऱ्यांनीं ही पत मोजली नव्हती. त्याच नांवाची 'सायबरस्टर' ही विजेवर चालणारी उघडी दोन-आसनी गाडी २०२५ सालीं भारतांत विक्रीस आली. किंमत सुमारें ७५ लाख रुपये. वजन दोन टनांच्या जवळपास, म्हणजे एम्. जी. बी. च्या साधारण दुप्पट.